टाळ्यांमधली टाळी

बाहेर बर्फाने मिटवून टाकलेली पांढरी संध्याकाळ, खिडकीच्या काचेवर श्वासाचं पुसट धुकं, आणि दिवाणखान्यातल्या भल्यामोठ्या पडद्यावर प्रखर दिव्यांत न्हाऊन निघालेलं एक हिरवंगार मैदान! त्या मैदानाच्या कडेला एक पोक्त गृहस्थ उभा होता. डोक्यावर टोपी, कानांवर काळा हेडफोन, नाकपुड्यांतून निघणारी वाफ, आणि ओठांसमोर आडवा धरलेला एक चकचकीत, रंगीबेरंगी कागद. कागदाच्या आडोशाने तो काहीतरी बोलत होता. गालांच्या हालचालीवरून एवढंच कळत होतं. काय बोलत होता? कोणाशी? आणि हजारो माणसांच्या देखत, एवढ्या लख्ख उजेडात, माणसाला आपले ओठ लपवावेसे का वाटावेत? हातातला चहा निवत गेला आणि मी त्या कागदाकडे पाहत राहिले.

दोन हजार दहाच्या दशकातला तो एक हिवाळा मी अमेरिकेत लेकीकडे काढला. आम्ही पनवेलकर जिला थंडी म्हणतो तिला तिथली माणसं उन्हाळा म्हणतील, त्यामुळे माझा मुक्काम बहुतेक त्या दिवाणखान्यातच असे. जावई दर रविवारी तिथला फुटबॉल लावून बसायचा. त्या फुटबॉलमध्ये पायांना काम फार थोडं आणि हातांना व खांद्यांना फार, हे कळल्यावर माझी पहिली जिज्ञासा शमली. गोण्यांची थप्पी कोसळावी तशी ती अवाढव्य माणसं एकमेकांवर कोसळत आणि शिट्टी झाली की निमूट उठून पुन्हा रांगेत उभी राहत, एवढंच काय ते माझ्या पदरात पडे. पण कडेचा तो कागदवाला मनातून जाईना. “आई, तो मुख्य कोच नाही हं,” निखिल, म्हणजे माझा जावई, म्हणाला. “तो असिस्टंट आहे. समोरच्या टीमने ओठ वाचू नयेत म्हणून तोंड झाकतो.” मग त्याने मला त्या कडेचा सगळा संसारच उलगडून दाखवला. बचावाचा सहायक वेगळा, आक्रमणाचा वेगळा. कोणी खाली गारठ्यात उभा, तर कोणी उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून खालच्यांच्या कानात कुजबुजणारा. पुढच्या रविवारपासून मी खेळ पाहायचं सोडूनच दिलं. निखिल चेंडूकडे बघे आणि मी कडेकडे.

हंगाम सरत आला तशी एका संध्याकाळी पारितोषिकांची बातमी लागली. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम मुख्य प्रशिक्षक, असं सगळं यथासांग झालं, आणि मग वर्षातला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक! मी सावरून बसले. ज्याचं काम दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, त्याचं काम पाहून पारितोषिक देतात? कोण पाहतं? निखिल म्हणाला, की क्रीडापत्रकार मतं देतात. वर आणखी एक माहिती त्याने पुरवली. तिथल्या पत्रकारांच्या एका संघटनेने म्हणे आयुष्यभर सहायक म्हणून राबलेल्यांसाठी निराळा जीवनगौरवही ठेवला आहे. “गंमत माहितीये का, आई? पहिलं बक्षीस ज्याला मिळतं, त्याला बऱ्याचदा दुसरी टीम मुख्य कोच म्हणून उचलून नेते.” म्हणजे पाहा हं, एका पारितोषिकाने माणूस सहायक उरत नाही, आणि दुसरं मिळायचं तर आयुष्यभर सहायकच उरावं लागतं! यातलं सन्मानाचं कुठलं आणि सांत्वनाचं कुठलं? लेकीने जेवायला हाक मारली तेव्हाही मी याच कोड्यात होते.

आपल्याकडे दुसऱ्या जागेवरच्या माणसांची काय कमी आहे? शाहीर डफावर थाप मारून पुढे सरसावतो तेव्हा मागे झील धरणारे दोघे असतात. त्यांनी सूर सोडला तर शाहिराच्या छातीतला वारा क्षणात सरेल, पण पोवाडा संपल्यावर हार पडतो तो शाहिराच्याच गळ्यात. लग्नात नवरीच्या पाठीशी करवली असते. मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकात नाव होतं सुगरणीचं, आणि तिच्या हाताशी बसून नारळ खवणारीच्या बोटांवर दुसऱ्या दिवशी ओरखडे असतात. मी स्वतः पनवेलच्या शाळेतून निवृत्त झाले ती पर्यवेक्षिका म्हणून. मुख्याध्यापक सभेत जे ठामपणे सांगत, ते आदल्या दुपारी मी त्यांना हळू आवाजात सांगितलेलं असे. मला त्याचं वाईट वाटत होतं का? कधी वाटे, कधी चक्क मजा वाटे. दुसरी जागा हा वाटेतला मुक्काम असतो की ते एखाद्याचं घर असू शकतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि नोकरी संपली तरी कळलं नाही.

त्या बर्फाळ संध्याकाळी मला राहून राहून आठवत होता तो आमचा काशिनाथ. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या मंडळाचा कबड्डीचा संघ, आणि त्या संघाचा हा सहायक प्रशिक्षक. अर्थात त्याला त्या नावाने कोणी कधी हाक मारलेली नाही. माणूस मूळचा करंजा गावचा, तारुण्य सगळं मच्छीमारी नावेवर गेलेलं, आणि गुडघ्याने दगा दिल्यावर बायकोच्या गावी, म्हणजे आमच्या पनवेलला, येऊन राहिलेला. बायको चांगुणा बाजारात मासळी विकते. माझ्या घरची कोलंबी आणि बोंबील गेली कित्येक वर्षं तिच्याच टोपलीतून येतात. संघाचे मुख्य प्रशिक्षक सत्तारसर. हे आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. शिडशिडीत अंगाचे, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले, बोलण्यात अदब असलेले कोकणी मुसलमान. एक खाडीच्या काठचा, एक मोहल्ल्यातला. एकाचा आवाज नावेवरचा आणि दुसऱ्याचा नमाजासारखा संथ. पण संध्याकाळी मैदानाकडे एकाच स्कूटरवरून जाणारी ही जोडी दिसली नाही, तर रस्त्यावरची माणसं दुकानातून डोकं बाहेर काढून चौकशी करत.

भातकापणी झाली की कोन गावाच्या बाजूला एक्सप्रेसवेलगतच्या खाचरात मैदान तयार होतं. धसकटं उपटायची, माती चाळायची, पाणी शिंपडून ती चोपायची. संध्याकाळी उन्हं कलली की त्या ओलसर मातीचा थंडगार वास पायाखालून वर येतो आणि पलीकडे गाड्यांची अखंड घरघर चालू असते. सत्तारसर बाजूच्या बाकावर ताठ बसत. काशिनाथची जागा मात्र अंतिम रेषेच्या मागे, प्रेक्षकांच्या गर्दीत, मासळीच्या उपड्या घातलेल्या निळ्या क्रेटवर. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की तोही क्रेट उचलून लंगडत दुसऱ्या टोकाला जायचा. कोणी त्याला पुढे येऊन बस म्हटलं, तर ऐटीत उत्तर द्यायचा, “फुडच्याला ठेच, मागचा शाना. आनि मी मागचा हाय.” विनय वगैरे गोष्टी त्याच्या वाटेला फारशा गेलेल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवं.

क्रेटवर बसून हा करतो काय, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. ओरडत नाही, हातवारे नाहीत. इतरांबरोबर टाळ्या तेवढ्या वाजवतो. एकदा बोंबील साफ करता करता चांगुणाने आवाज खाली आणला आणि ते कोडं उलगडलं. नावेवर मशीनच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून जाळ्यावर नजर ठेवणारा माणूस फळीवर ठोके देतो. एका ठोक्याला थांबायचं, दोन ठोक्यांना ओढायचं. तेच याने मैदानात आणलं. समोरून चढाईला खेळाडू आला, की बचावाच्या साखळीने त्याच्यावर मिटायचं कधी, हे कोणीतरी सांगायला हवं. पण ओरडून सांगावं तर त्यालाही ऐकू जाणार. म्हणून प्रेक्षकांच्या टाळ्यांत याच्या टाळ्या. एक वाजली तर थांबा, लागोपाठ दोन वाजल्या तर मिटा. दोरखंडांनी घट्टे पडलेल्या तळव्यांची ती टाळी जरा जाड यायची, आणि त्याच्या पोरांचे कान तेवढ्या आवाजाला तयार झालेले होते. “बाय, कुनाला बोलू नको हां,” चांगुणा म्हणाली. मी बोलले नाही. उलट त्यानंतर मी दर सामन्याला अंतिम रेषेच्या मागे जाऊन बसू लागले, आणि शेकडो टाळ्यांतून त्या दोन टाळ्या वेचून काढण्याचा एक अजब छंद मला जडला.

आता सांगा, अमेरिकेतला तो कागद पाहून मला दुसरं कोण आठवणार होतं? एकाने ओठ कागदाआड लपवले, दुसऱ्याने खूण टाळ्यांच्या गजरात लपवली. दोघांची गाठ पडली असती तर त्यांनी भाषेवाचूनही एकमेकांना ओळखलं असतं, असं मला खात्रीने वाटलं. परत आल्यावर मंडळाच्या कचेरीत चहा पिता पिता मी त्या पारितोषिकांची हकिकत सांगितली. खुणेबद्दल अर्थातच अवाक्षर काढलं नाही; नुसतं एवढंच, की तिकडे सहायकांचाही दरवर्षी सन्मान होतो. मंडळाच्या चिटणिसांनी तिथल्या तिथे बशी खाली ठेवली. दर वर्षीच्या स्पर्धेत उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, शिस्तबद्ध संघ, अशी बक्षिसं असतातच. मग उत्कृष्ट सहायक प्रशिक्षक का नको? अमेरिकेत जे होतं ते कोनच्या खाचरात का होऊ नये? सत्तारसरांचा चेहरा तर असा उजळला, की जणू सन्मान त्यांचाच व्हायचा होता. “बाई, फार नेक खयाल आहे,” ते म्हणाले. “त्याच्याबद्दल मला एकदा माइकवरून बोलायचंच होतं.”

पुढच्या वर्षीच्या माघातली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामने होते, म्हणून बाहेरगावचे संघही मुक्कामाला आलेले. समोरच वडापाव खात बसलेले. काशिनाथला व्यासपीठावर बोलावलं. बाहेरून तो कुरकुरत होता, पण शर्ट नवा होता आणि चांगुणाने गजरा माळला होता, त्यावरून काय ते ओळखावं. शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि सत्तारसरांनी माइक हातात घेतला. इतक्या वर्षांचं साठलेलं प्रेम माणसाच्या तोंडी आलं, की त्याला आवर घालणं कोणाला जमलंय? “लोक मला उस्ताद म्हणतात,” सर म्हणाले, आणि त्यांचा तो संथ आवाज पहिल्यांदाच थरथरला. “पण आमची साखळी कधी मिटते, हे मी ठरवत नाही. ते काशिनाथच्या टाळ्या ठरवतात. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की मिटा. तुम्ही ज्या पकडींना दाद देता ना, त्या आधी त्याच्या तळहातांवर झालेल्या असतात. खरा उस्ताद मागे बसलेला असतो, क्रेटवर.” मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की एक्सप्रेसवेची घरघरसुद्धा ऐकू येईना.

त्या कडकडाटात मी काशिनाथकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलेलं मला स्पष्ट दिसलं. व्यासपीठावरून उतरल्यावर तो सरांसमोर उभा राहिला, अंगावर शाल तशीच. “सत्तार, येवढी वरसं झाकलेला हात तू भर मांडवात उघडा केलास,” तो म्हणाला. सरांना आपण काय करून बसलो हे तेव्हा कुठे उमगलं. ते तोंड उघडून काही बोलणार, तर हा चालू लागलेला. जाता जाता माझ्यापाशी थांबला. “सगल्यांनी टाल्या वाजवल्या, बाई. त्यांत कामाची एक पन नाय.” मला हसू आलं, आणि मी वर पाहीपर्यंत तो लंगडत मांडवाबाहेर पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. समोरच्या संघाने आपली तरणीताठी पोरं अंतिम रेषेच्या मागे, काशिनाथच्या डाव्या-उजव्या अंगाला आणून बसवली. चढाई सुरू झाली की ती जोड-टाळ्यांचा सपाटा लावत. दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन! त्या कोलाहलात जाड टाळी कुठली आणि पातळ कुठली? साखळी मिटायची नको तेव्हा, आणि मिटायला हवी तेव्हा पोरं एकमेकांची तोंडं बघत उभी. मागे बसून मलाही त्याची टाळी सापडेना, तिथे पाठमोऱ्या पोरांना काय सापडणार? मध्यंतरानंतर काशिनाथने हातच मांडीखाली घातले. आमचा संघ हरला. सगळे पांगले, दिवे मालवले, आणि निळा क्रेट रेषेच्या मागे तसाच पडून राहिला.

प्रेमाने केलेल्या कौतुकाने माणसाचं नुकसान व्हावं, हा केवढा विचित्र न्याय! मी त्यावर फार विचार केला. उजेड ही आपण सरसकट चांगली गोष्ट धरून चालतो. झाकलेलं उघडं करावं, मागचं पुढे आणावं, अनामिकाला नाव द्यावं, यात आपल्याला पुण्य वाटतं. पण दह्याचं विरजण लावल्यावर आपण भांडं झाकून ठेवतो आणि पोरांना बजावतो, की आता झाकण काढून बघू नका. काही कामं अशीच झाकणाखाली होणारी असतात का? मग त्या कामाचं कौतुक करावं तरी कसं? न करावं तर कृतघ्नपणा, करावं तर घात. सत्तारसरांनी केलेली चूक एखाद्या कोत्या मनाच्या प्रशिक्षकाच्या हातून कधीच झाली नसती, कारण त्याने सगळं श्रेय स्वतःच्या खिशात घातलं असतं आणि गुपित आपोआप सुरक्षित राहिलं असतं. या विचाराने मला काही केल्या चैन पडेना.

आणि मग निखिलने सांगितलेली ती गंमत आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. सन्मानाचा बोलबाला खारघरपर्यंत पोचला होता. तिथल्या एका कॉलेजने काशिनाथला आपल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. राग अजून निवलेला नव्हता. तो जातो म्हणाला. सत्तारसर भेटले तेव्हा मी विचारलं, तुम्ही अडवणार नाही? ते नुसते हसले. “कुठल्या तोंडानं अडवू, बाई? आणि तरक्की होतेय त्याची. दोस्ताच्या तरक्कीआड येऊ नये.” स्कूटरवरून ते एकटेच निघून गेले, आणि मागची मोकळी सीट मला किती तरी वेळ दिसत राहिली. तो परत आला नाही तर सर संघाला शिकवणं सोडतील, हे चिटणिसांना कळत होतं, मला कळत होतं, आणि बहुधा काशिनाथलाही कळत असावं.

जून-जुलैत काशिनाथ बसने खारघरला जाऊ लागला. गळ्यात शिट्टी, अंगात कॉलेजचा टी-शर्ट, आणि उंच इमारतींच्या मधल्या सिमेंटच्या हॉलमध्ये, मॅटवरची कबड्डी. मी बाजारात गेले की मासळीआधी त्याचीच चौकशी करायची. चांगुणा आधी आधी फुशारकीने सांगे, “बाय, साहेब बोलतान त्याला. चा आनून देतान.” मग तिचं सांगणं आटत गेलं. “घरी येतो तो गप. जेवतो नि भिंतीकडं बगतो.” आणि एका सकाळी, पापलेटाच्या डोळ्यांवरचं पाणी पुसत, ती म्हणाली, “फुडं उभा केला त्याला, पन त्याचा डोला मागं हाय. काय करावा?” इकडे कोळीवाड्याच्या अंगणात सत्तारसर पोरांचा सराव घेत होते. एकदा म्हणे ते स्वतः मागे जाऊन क्रेटवर बसले आणि त्यांनी दोन टाळ्या वाजवून पाहिल्या. पोरांनी वळून पाहिलं. सर उठले आणि त्यांनी त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवला.

क्रेट सरांनीच मैदानातून उचलून घरी नेला होता, हे मला नंतर कळलं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ते तो स्कूटरवर बांधून काशिनाथच्या दारी गेले. माफी वगैरे काही मागितली नाही. तसल्या गोष्टी या दोघांत बोलल्या जात नसाव्यात. क्रेट उंबऱ्यापाशी ठेवला आणि वळले. काशिनाथ बाहेर आला, त्याने क्रेट हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, नाकाशी नेला. सरांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे तो साबणाने घासूनपुसून लख्ख केलेला! “धुतलास कशाला?” काशिनाथ खेकसला. “वास जेला ना सगला.” सर म्हणाले, “पुन्हा येईल वास.” एवढंच बोलणं झालं. चांगुणाने चहा टाकला, आणि तो प्यायला दोघेही बसले. हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काशिनाथने कॉलेज सोडलं. का सोडलं, हे मी त्यालाच विचारलं. मुख्य होणं जड गेलं, की मन लागलं नाही, की सरांची कीव आली? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना एवढी साधी गोष्ट कळू नये याचं त्याला नवल वाटत होतं. “बाजूच्या बाकावरनं तोंडं दिसतान, बाई. तोंडं समदी खोटी. पोरगा भ्यायला का नाय ते त्याच्या टाचेला कलतं, आनि टाच मागनं दिसते.” मग थोडं थांबून, मिशीत हसत, “आनि सत्तारला टाच दिसत नाय. त्याला मी नको काय?” मी त्या उत्तरात गुरफटून गेले. मला वाटायचं, की मागे बसणारा माणूस पुढच्या जागेपासून वंचित असतो. मागच्या जागेवरूनच दिसणारं असं काही असतं, आणि ते पाहायची चटक लागलेल्या माणसाला पुढे नेलं तर तो आंधळा होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शाळेतली माझी ती कोपऱ्यातली खुर्ची आठवली. तिथून मला वर्गांच्या मागच्या खिडक्या दिसायच्या आणि मुख्याध्यापकांना फक्त पुढचे दरवाजे! निवृत्त झाल्यानंतर इतक्या वर्षांनी त्या खुर्चीबद्दल मला एकदम माया दाटून आली.

त्या वर्षीही भातकापणीनंतर मैदान चोपलं गेलं. उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी मी लवकर जाऊन अंतिम रेषेच्या मागे जागा धरली. हवेत गारवा होता. काशिनाथ क्रेट घेऊन आला, आणि मी पाहतच राहिले, कारण त्याच्या अंगावर ती शाल होती. सन्मानाची, जरीच्या काठाची, मोरपंखी. आपल्या घरांतल्या सत्काराच्या शालींचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांसकट त्या झोपी जातात, नाहीतर पुढच्या कोणाच्या तरी सत्काराला घडी न मोडता निघून जातात. ही मात्र मैदानात आली होती. काशिनाथने बसल्या बसल्या ती दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढून घेतली, हात आत घेतले, आणि एक पदर थेट नाकापर्यंत वर नेला.

खेळ सुरू झाला. समोरच्यांची टाळीबाज पोरं याही वर्षी तयारीने आली होती आणि जोड-टाळ्यांचा पाऊस पाडत होती. काशिनाथ एकही टाळी वाजवत नव्हता. तरीही साखळी नेमक्या क्षणी मिटत होती! खूण होती तरी कुठली? शालीखाली हात हलत होते, की पदराआड ओठ? की गुडघ्याने क्रेटवर ठोका पडत होता? बाजूच्या बाकावर सत्तारसर ताठ बसलेले, नजर समोर, चेहरा कोरा. पण मला खात्रीने वाटलं, की ते आतल्या आत हसत आहेत. मी आदल्या दिवशी चांगुणाला विचारून पाहिलं होतं. “मना पन नाय सांगला,” ती म्हणाली होती, आणि त्या न सांगण्याचाच तिला मोठा अभिमान वाटत होता.

मी कान लावला, डोळे बारीक केले, थोडी वाकलेसुद्धा. पडद्यावरचा तो चकचकीत कागद आणि ही मोरपंखी शाल. एवढं जग ओलांडून आले तरी आडोशापलीकडचं मला काही दिसायला तयार नव्हतं. समोरून चढाईपटू शिरला. त्याच्या श्वासावरची कबड्डीची गुणगुण जवळ येत गेली. रेषेच्या अलीकडे आमच्या पोरांच्या टाचा मातीत रुतून उभ्या होत्या आणि शालीचा काठ किंचित हलला, निदान मला तसं वाटलं. तेवढ्यात पदराआडून, माझ्याकडे न बघताच, काशिनाथ म्हणाला, “बाई, खेल तिकडं चाललाय. तुमी माज्याकडं काय बगताव?”

मी मान वळवली. साखळी मिटली होती, धूळ उडाली होती, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मग मीही वाजवल्या.